कुत्र्याला घेऊन डोंगरावर: पुण्यातल्या नवख्यांसाठी

थंडीची चाहूल लागली की कुत्रं पाळणाऱ्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "पुण्याजवळ पेट-फ्रेंडली ट्रेक कुठला गं?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका नावात मावत नाही. आपल्याकडे वाटेवर तसा शिक्का मारलेला नसतो. मंगळवारी पहाटे सहाला जी टेकडी कुत्र्यासाठी उत्तम असते, तीच रविवारी नऊ वाजता नको नको होते. जागा कुणाची, वेळ कुठली, ऋतू कुठला आणि पट्टा कुणाच्या हातात, यावर सगळं ठरतं. आमच्या तांबूबरोबर (गावठी, वजन अठरा किलो, स्वभाव चौकस) टेकड्या आणि छोटे गड फिरताना जे कळत गेलं, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते आहे.

१. आधी डॉक्टर, मग डोंगर

पिल्लाच्या लसींचा पहिला कोर्स साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत चालतो. तो पूर्ण होईपर्यंत त्याला जिथे भटकी कुत्री फिरतात अशा जमिनीवर सोडायचंच नाही. पार्व्हो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. त्यानंतर सपाटीवरचं फिरणं सुरू करा. मात्र लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर लांबलचक चढ-उतार आणि उड्या नकोत. "अहो, त्याला किती एनर्जी आहे!" हे खरं असतं, पण एनर्जी आणि सांधे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चपट्या नाकाच्या कुत्र्यांबद्दल स्पष्टच लिहिते. पग, शिहत्झू, बुलडॉग यांना डोंगरावर नेऊ नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड ठेवतं, आणि यांचा श्वासमार्गच अरुंद नि दाटीवाटीचा. हिवाळ्यात पहाटे घराजवळच्या बागेत तासभर, एवढं त्यांना पुष्कळ झालं. हस्कीलाही पुण्यातला चढ सोसत नाही. गावठी, पश्मी आणि कॅरव्हान हाउंड ही मंडळी मात्र इथल्या हवेत मुरलेली असतात.

डॉक्टरांकडे गेलात की चार गोष्टी नीट विचारून घ्या. रेबीजची लस चालू आहे ना? लेप्टोस्पायरोसिसचा डोस वेळेवर झालाय ना? (पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून हाच रोग येतो.) गोचिडांसाठी गोळी द्यायची की मानेवर टाकायचं औषध? आणि हृदय नि मागचे पाय चढाला तयार आहेत का? वजनाचा अंदाज मात्र घरीच येतो. बरगड्यांवरून हात फिरवा. जोर न लावता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर दोन महिने चपात्या कमी आणि चालणं जास्त.

२. कागद फोनमध्ये, नंबर गळ्यात

महापालिकेच्या हद्दीत कुत्रं पाळायला परवाना लागतो आणि तो काढताना रेबीज लसीचं प्रमाणपत्र मागतात. हे दोन्ही कागद आणि लसीच्या पुस्तिकेचं शेवटचं पान यांचे फोटो फोनमध्ये ठेवा. डोंगरावर कुणी परवाना तपासत नाही हे खरं. पण तुमच्या कुत्र्याने कुणाला नुसतं ओरखडलं, तरी समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "इंजेक्शनं दिलीत का?" त्या वेळी तोंडाने सांगण्यापेक्षा कागद दाखवलेला बरा. प्राणी पाळताना निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा होऊ शकतो, हेही माहीत असू द्या.

गळपट्ट्याला नाव आणि फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर चांगलंच, पण मावळातल्या एखाद्या वाडीत ती वाचणार कोण? बिल्ल्यावरचा नंबर कुणालाही वाचता येतो.

३. वाट कुणाच्या मालकीची, हे आधी बघा

नवखे लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. इंटरनेटवर कुणाचा तरी हस्की लोहगडाच्या दरवाजात उभा असलेला फोटो दिसतो आणि आपण गाडी काढतो.

लोहगड, शिवनेरी, कार्ले-भाज्याची लेणी ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडची संरक्षित स्मारकं आहेत. १९५९ च्या नियमांनुसार स्मारकाच्या देखभालीचं कारण सोडून तिथे कुठलाही प्राणी नेता येत नाही. लोहगड, शिवनेरी आणि राजगड तर २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, त्यामुळे तिथली नजर आणखी कडक झाली तर नवल नाही. कुणाचा फोटो आहे याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही. त्या दिवशी तिकीट खिडकीवर कुणी अडवलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट अभयारण्यांची. भीमाशंकर, ताम्हिणी, सुप्याजवळचं मयूरेश्वर इथे कुत्रं न्यायचं नाही. त्यात "लीशवर (हातातल्या पट्ट्यावर) असेल तर?" हा प्रश्नही नाही. कुत्रं काहीही न करता नुसतं चालत गेलं तरी वास मागे ठेवतं, शिवाय रोग देऊ-घेऊ शकतं. २०१८ साली गीरमध्ये सिंह दगावले, तेव्हा नमुने आपल्या पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तपासले गेले आणि कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांमधला हा रोग कोल्ह्या-लांडग्यांनाही होतो, आणि सासवड-सुपे पट्ट्यातल्या माळांवर लांडगे आजही आहेत. म्हणजे आपल्या कुत्र्याची डिस्टेंपरची लस ही फक्त आपल्या घरापुरती बाब राहत नाही.

तिसरा प्रकार शहरातल्या टेकड्यांचा. एकाच टेकडीचा काही भाग वनविभागाचा, काही महापालिकेचा, काही खासगी असतो. वेताळ टेकडीवरून चालताना आपण एका हद्दीतून दुसरीत कधी गेलो हे कळतही नाही. कुठे कुंपण आणि वेळा ठरलेल्या असतात, कुठे प्राण्यांना मनाई असते, आणि हे नियम बदलतातही. म्हणून प्रवेशद्वारावरची पाटी प्रत्येक वेळी वाचा. पुण्यात पाटी वाचणं हा तसाही नागरिकशास्त्राचा भाग आहे. पाटी नसेल तर वनरक्षकाला किंवा वॉचमनकाकांना विचारा. ते "नाही" म्हणाले तर वाद न घालता मागे फिरा. तुम्ही हुज्जत घातलीत तर पुढच्या कुत्रेवाल्याला ते विचारायचीही संधी देणार नाहीत.

गडावर किंवा टेकडीवर देऊळ असतंच. कुत्र्याला घेऊन गाभाऱ्यात, सभामंडपात जायचं नाही. दोघं असाल तर एकाने दर्शन घ्यावं, दुसऱ्याने बाहेर थांबावं. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत आणि खंडोबाबरोबर कुत्रं असतंच, हा युक्तिवाद मी ऐकलेला आहे. पुजाऱ्याला तो पटत नाही.

पुरंदरावर सैन्याची चौकी आहे, तिथे ओळखपत्रं तपासतात. कुत्र्याला घेऊन त्या भानगडीत पडूच नका.

४. घरच्या सोसायटीत शिकवायच्या तीन गोष्टी

"ये", "थांब" आणि "सोड". शेकहँड, नमस्ते वगैरे नाही आलं तरी चालेल.

यातलं "सोड" सर्वांत महत्त्वाचं. टेकडीवर फुटक्या बाटल्यांच्या काचा, कोंबडीची हाडं, कुणी टाकलेलं शिळं अन्न, काय काय पडलेलं असतं. कुत्र्याच्या तोंडात ते जायच्या आधी त्याने ते सोडलं पाहिजे. घरात बिस्किटावर सराव करा, मग पार्किंगमध्ये, मग रस्त्यावर. गर्दीच्या रस्त्यावर मांजर आडवं गेल्यावर "थांब" ऐकत असेल, तरच डोंगराचा विचार करा.

जोडीला चालण्याची तयारी. पहिले दोन आठवडे रोज सकाळी सपाटीवर पाऊण तास. मग इमारतीचे जिने नव्हे, तर खरा मातीचा चढ, पण थोडाच. तळपाय रस्त्याला सरावलेले असले तरी मुरूम आणि कातळ वेगळे. ते हळूहळू घट्ट होतात. दुसऱ्या दिवशी कुत्रं उठताना अडखळत असेल किंवा पंजे चाटत बसलं असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि पुढच्या वेळी अर्धंच चाला. मालक पुढे जातोय म्हटल्यावर कुत्रं पाय ओढत का होईना, मागे येत राहतं. दमलो म्हणून बसणारी कुत्री थोडी. म्हणून कुठे थांबायचं ते आपणच ठरवायला लागतं.

५. ऋतू आणि वेळ

नोव्हेंबर ते मध्य फेब्रुवारी हा हंगाम. उजाडायला निघा आणि दहाच्या आत गाडीपाशी परत या. मार्च ते मे फक्त शहरातल्या टेकड्या, त्याही सूर्य वर यायच्या आधी. हाताची मागची बाजू कातळावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला चटका बसला तर पंजांनाही बसतो. आपला काळा बेसॉल्ट सकाळी अकरालाच तव्यासारखा होतो आणि संध्याकाळी उशिरापर्यंत ऊब धरून राहतो. "संध्याकाळी जाऊ की" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. शिवाय अंधार पडायच्या वेळेला बिबट्या बाहेर पडतो.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला हिरवळ सुंदर दिसते, पण शेवाळलेल्या पायऱ्या, साचलेलं पाणी आणि रविवारची तोबा गर्दी, यात कुत्र्याचं काही काम नाही. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, पाऊस उघडलेला असताना, शहरातली टेकडी चालेल. आणि सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत कुसळी गवत. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिते, कारण व्हेटकडे होणारा खर्च बराचसा तिथूनच येतो.

६. सॅकमध्ये काय

- छातीवरून बसणारा हार्नेस. चढावर गळपट्टा ओढला गेला की गुदमरायला होतं. हार्नेसच्या पाठीवर मूठ असेल तर कातळावर कुत्र्याला उचलून घ्यायला सोपं जातं.
- पाच-सहा फुटांची साधी, मजबूत लीश. आपोआप लांब होणारी दोरीवाली लीश नको. ती झुडपात अडकते आणि ऐन वेळी हातातून निसटते.
- पाणी. वीसेक किलोच्या कुत्र्याला दोन-तीन तासांसाठी निदान एक लिटर, तेही तुमच्या पाण्याव्यतिरिक्त. दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. घडी होणारी वाटी किंवा घरातला जुना स्टीलचा वाडगा, काहीही चालतं.
- मुसकं. तुमचं कुत्रं चावरं नसलं तरी. पायात काटा रुतल्यावर शहाण्यातलं शहाणं कुत्रंही मालकाचा हात धरतं. फक्त, धापा टाकत असताना, उलटी होत असताना ते घालायचं नाही.
- बारीक टोकाचा चिमटा, बेटाडीन, गॉज, क्रेप बँडेज आणि जखमी पंजावर चढवायला लहान मुलाचा मोजा.
- शी उचलायच्या पिशव्या. उचलून बांधलेली पिशवी झुडपावर लटकवून जाणारे लोक आहेत. त्यांच्यापेक्षा न उचलणारे बरे, निदान प्लास्टिक तरी राहत नाही. तुम्ही दोन्हींतले होऊ नका, पिशवी खाली आणा.
- एक जुनी चादर. कुत्र्याला चालता आलं नाही तर दोघांनी धरून झोळी करता येते.

माणसांची औषधं कुत्र्याला द्यायची नाहीत. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम ही आपल्याला किरकोळ वाटणारी गोळी त्याच्या जिवावर बेतू शकते. खाण्याचंही तसंच. ट्रेकच्या सुक्या मेव्यात मनुका असतात आणि त्या कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. गडावरची कांदाभजी, कांदा-लसणाची फोडणी घातलेलं पिठलं हेही नको. कांद्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल असू शकतं, ते तर विषच. घरून उकडलेलं अंडं किंवा त्याचं रोजचं खाणं थोडं बांधून घ्या. मोठं जेवण मात्र चालण्याच्या दोन-तीन तास आधी किंवा परत येऊन तासाभराने. भरल्या पोटी पळापळ झाली तर, विशेषतः मोठ्या छातीच्या कुत्र्यांमध्ये, पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो आणि त्याला तातडीची शस्त्रक्रिया लागते.

७. कुठून सुरुवात करायची

पहिले काही महिने शहराबाहेर जाऊच नका. वेताळ टेकडी आहे ना. शहरातला सर्वांत उंच माथा, आणि वर जायला सेनापती बापट रस्ता, लॉ कॉलेज रस्ता, पंचवटी, कोथरूड अशा कितीतरी बाजूंनी वाटा. याचा खरा फायदा असा की कुठूनही अर्ध्या तासात खाली उतरता येतं, आणि खाली उतरलं की रिक्षा, डॉक्टर सगळं जवळ. माथ्याचा भाग बराचसा सपाट आहे. जुन्या खाणीत पाणी साठतं, पण तिथे कुत्र्याला उतरवू नका. कडेला निसरडं असतं आणि पाणी साचलेलं. मोर भरपूर आहेत, म्हणून पट्टा हातातच. वन्यजीव कायद्यात प्राण्याला पिटाळणंही शिकारीच्या व्याख्येत येतं आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहे. "तो नुसता खेळतोय" ही सबब मोराला कळत नाही. मार्चपासून टिटव्या जमिनीवर उघड्यावरच अंडी घालतात. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली, तर घरटं जवळ आहे, तुम्ही वाट बदला.

बाणेर-पाषाणची टेकडी लहान कुत्र्यांना आणि पहिल्या चढाला चांगली. तळजाईची सावली छान, पण तिथे सकाळी माणसं खूप येतात आणि कुंपणाच्या आतल्या भागाचे नियम वेगळे असतात. गेटवर विचारूनच आत जा.

टेकडी अंगवळणी पडली की पहिला गड म्हणून मी मल्हारगड सुचवते. दिवेघाट चढून सासवडच्या अलीकडे, सोनोरी गावाजवळ. पेशव्यांच्या तोफखान्याच्या पानसे सरदारांनी १७५७ ते १७६० च्या सुमारास बांधलेला, मराठ्यांनी उभारलेल्या किल्ल्यांतला शेवटचा म्हणून ओळखला जाणारा. चढ छोटा, वाटेत शिडी नाही, कडे नाहीत. गैरसोय एकच, सावली औषधालाही नाही. म्हणून हिवाळ्यातली पहाटच. वर महादेवाचं आणि खंडोबाचं देऊळ आहे, तिथल्या विहिरीच्या काठाशी कुत्र्याला मोकळं सोडू नका. आसपासच्या माळावर मेंढ्यांचे कळप असतात, त्याबद्दल पुढे.

त्यानंतर कोरीगड. पेठ शहापूरहून पायऱ्यांची वाट, वर रुंद तटबंदी आणि दोन तळी. चालायला मजा येते, पण सुट्टीच्या दिवशी पायऱ्यांवर माणसांची रांग लागते, म्हणून मधला वार निवडा. तटावरून चालताना लीश आखूड धरा. कुत्र्याला भिंतीपलीकडे काय आहे ते दिसत नाही आणि पक्षी उडाला की ते भिंतीवर झेप घेतं.

सिंहगड अनेकांचा पहिला विचार असतो, मी मात्र नवख्या कुत्र्यासाठी तो टाळते. आतकरवाडीची वाट चांगलीच चढी आहे. वर भज्या-पिठल्याचे वास, माकडं, गडावरची स्वतःची कुत्री आणि गर्दी. तिकोन्याच्या शेवटच्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत की चढताना जमलं तरी उतरताना कुत्रं बिचकतं. राजगड, तोरण्याला रेलिंग धरून चढायच्या जागा आहेत, घनगडाला शिडी आहे. जिथे आपल्याला दोन्ही हात लागतात, तिथे कुत्रं नाही. कात्रज ते सिंहगड हा टेकड्यांमागून टेकड्यांचा प्रकार वाटेत पाणी नसल्यामुळे बाद.

पवना, मुळशी, पानशेतच्या बॅकवॉटरला "पोहायला सोडूया" असं मनात येतं. काठाशी गाळ असतो, माणसंही त्यात रुततात. पोहायचंच असेल तर लांब दोरी बांधून, गुडघाभर पाण्यात, तेही स्थानिकांना विचारून.

८. वाटेत कोण कोण भेटतं

मेंढरं दिसली की थांबा. लीश आखडून घ्या आणि लांबूनच आवाज द्या, "मामा, कुत्रं बांधलेलं आहे, कुठून जाऊ?" मेंढपाळ वाट दाखवतात. त्यांची राखणीची कुत्री मात्र तुमची कुणी नाहीत. लांडग्याशी दोन हात करायला ठेवलेली ती कुत्री सोसायटीतल्या लॅबशी खेळायला येत नाहीत. लांबून वळसा घाला, भले पंधरा मिनिटं जास्त लागोत.

वाडीतली आणि टेकडीवरची भटकी कुत्री भुंकत येतील. घाबरून कुत्र्याला कडेवर उचलू नका, ती उड्या मारतात आणि तुम्हालाच चावा बसतो. पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही, आपलं कुत्रं स्वतःच्या मागे घेऊन शांतपणे त्यांच्या हद्दीतून बाहेर पडायचं. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं तरी बहुतेक वेळा पुरतं, खरोखर मारायची गरज पडत नाही. चावा बसलाच, तुम्हाला किंवा कुत्र्याला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लस झालेल्या कुत्र्यालाही पुन्हा डोस लागतात.

कुत्र्याला भिणारी माणसं, विशेषतः लहान मुलं, समोरून येत असतील तर तुम्ही वाटेच्या कडेला व्हा आणि कुत्र्याला बसवा. "काही नाही करत हो तो!" असं लांबून ओरडणं बंद करा. समोरच्याला ते कसं कळणार? एकदा एका आजींनी तांबूकडे बघून काठी उगारली, मी तांबूला खाली बसवलं, आजी शेजारून गेल्या आणि चार पावलांवर वळून म्हणाल्या, "गुणाचं आहे." दर वेळी असं होत नाही. पण कडेला होऊन बसवलं की निदान शिव्या खाव्या लागत नाहीत.

शेताच्या बांधावरून जाताना कुत्रं पिकात शिरू देऊ नका. गुरं असतील तर वाऱ्याची दिशा बघून लांबून जा. नुकती व्यालेली गाय कुत्र्यावर धावून येते.

बिबट्याबद्दल उगाच घाबरवायचं नाही, पण मुळशी, मावळ, जुन्नर, सिंहगडाचा परिसर इथे तो आहे आणि कुत्रं हे त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे. म्हणून तंबू ठोकून कुत्र्यासह रात्री मुक्काम हा नवख्यांचा कार्यक्रम नाही. ताजे ठसे किंवा अर्धवट खाल्लेली शेळी दिसली तर तिथूनच परत. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

९. तीन प्रसंग, आणि तेव्हा काय करायचं

उन्हाचा झटका सर्वांत आधी ओळखता आला पाहिजे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं, १०४ च्या वर धोका सुरू होतो. डोंगरावर थर्मामीटर कुणी लावत नाही, म्हणून खुणा बघा: धापा थांबतच नाहीत, जीभ लांब लोंबते आणि टोकाला पसरट होते, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल झोकांड्या खाणारी. यातलं काहीही दिसलं की सावलीत घ्या, पोटावर, जांघांत आणि पंजांवर साधं पाणी ओता, टोपीने वारा घाला, घोट घोट पाणी द्या. तोंडात पाणी ओतायचं नाही. बर्फ नको आणि ओला टॉवेल पांघरून ठेवायचा नाही, त्याने उष्णता आतच कोंडते. आधी गार करा, मग गाडीत घाला, एसी लावा आणि दवाखाना गाठा. "आता बरा दिसतोय" म्हणून घरी नेऊ नका, आतल्या अवयवांवरचा परिणाम काही तासांनी दिसू शकतो.

साप चावला तर बहुधा नाकावर किंवा पुढच्या पायावर, कारण कुत्रं हुंगायला जातं. घोणस असेल तर सूज झपाट्याने येते. जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायचं नाही. सापाच्या मागे जायचं नाही. गळपट्टा-हार्नेस सैल करा, कुत्र्याला चालवू नका, चादरीच्या झोळीतून खाली आणा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारं प्रतिविष कुत्र्यांनाही देतात. पण प्रत्येक दवाखान्यात ते असतंच असं नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवशीच तुमच्या व्हेटला विचारा, "रविवारी सकाळी असं झालं तर कुठे जाऊ?" आणि दोन नंबर लिहून ठेवा.

आग्या मोहोळ. गडांच्या कड्यांना, दरवाजांच्या कमानींना ही पोळी असतात. अत्तर लावून जाऊ नका, तिथे धूर करू नका, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर कुत्र्याला घेऊन वाट फुटेल तिकडे, गाडीत किंवा दाट झाडीत. याच कारणासाठी एक पक्का नियम: गडावर कुत्र्याला झाडाला बांधून "पटकन बघून येतो" असं करायचं नाही. बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. बंद गाडीत ठेवून जाणं तर हिवाळ्यातही नाही.

१०. घरी आल्यावरची वीस मिनिटं

कुत्रं येऊन पसरतं आणि आपणही. आधी तपासणी, मग चहा.

कुसळ दिसायला गवताची काडी, पण तिचं टोक भाल्यासारखं असतं आणि मागचं शेपूट सुकलं की पिळत जातं, ओलावा लागला की उलगडतं. त्या पिळण्या-उलगडण्याने टोक पुढे पुढे सरकतं, मागे येत नाही. कपड्यात अडकलेलं कुसळ किती चिवट असतं ते आपल्याला माहीत आहे. कुत्र्याच्या कातडीत ते तसंच आत शिरतं, गळू होतं आणि कधी कधी शिरलं एकीकडे, पू वाहतो दुसरीकडे. लांब केसांच्या कुत्र्यांना त्रास जास्त. गोल्डन किंवा कॉकर असेल तर मोसम सुरू व्हायच्या आधीच पंजांच्या बोटांमधले आणि कानांभोवतीचे केस कापून घ्या.

खिडकीजवळ, उजेडात बसा. एकेक पंजा हातात घेऊन बोटं फाकवा, गादीच्या खालची खाच बघा. मग बगल, जांघ, शेपटीखाली, पापण्यांची कड. हात केसांच्या उलट दिशेने फिरवला की बारीक टोचणी बोटाला लागते. दिसलेलं कुसळ चिमट्याने, शिरलं त्याच रेषेत सरळ ओढा. तुटलं तर कोरत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

त्याच फेरीत गोचीड. कानाच्या आत, मानेवरच्या पट्ट्याखाली आणि बोटांच्या मध्ये त्या बसतात. चिमटा अगदी कातडीलगत धरून सावकाश, सरळ वर ओढायचं. रॉकेल, उदबत्तीचा चटका, नेलपॉलिश हे उपाय सोडा. त्याने गोचीड चिडून तोंडातली घाण उलट आत सोडते. काढलेली नखाने चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. पुढचे दोन-तीन आठवडे कुत्रं जेवेनासं झालं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर डॉक्टरांना आधीच सांगा की डोंगरावर गेलो होतो. गोचीडतापाची रक्ततपासणी लवकर झाली तर औषधाने बरं होतं, उशीर झाला तर रक्त द्यायची वेळ येते.

शेवटी कान. परत आल्यावर कुत्रं एकाच बाजूला डोकं झटकत राहिलं, तो कान खाली पाडून चालू लागलं किंवा तिथे हात लावू देत नसेल, तर आत कुसळ गेलं असं धरून चाला. कानात तेल घालायचं नाही, इअरबड घालायचा नाही, "उद्या बघू"ही नाही. दुर्बिणीने बघून ते काढायला डॉक्टरांना थोडाच वेळ लागतो, मात्र कधी कधी गुंगी द्यावी लागते. म्हणून दवाखान्यात जाईपर्यंत त्याला काही खायला घालू नका, आणि निघायच्या आधी फोन करून तसं विचारून घ्या.